टीव्हीला आवाज येतोय पण चित्र नाही? "पॅनल गेलं" म्हणून भंगारात द्यायच्या आधी एवढं करून बघा

मे महिन्यात आमचा ४३ इंची टीव्ही रात्री ऐन जेवायच्या टायमाला काळा पडला. वॉरंटी संपून तीन वर्षं झालेली. आवाज व्यवस्थित चालू, सिरियलमधल्या सासूबाई तावातावाने बोलतायत, मागे ढँण ढँण म्युझिक वाजतंय आणि स्क्रीन काळीकुट्ट. आईने रिमोटचे सेल काढून परत घातले, आप्पांनी सेट टॉप बॉक्सची वायर हलवली, टीव्हीच्या पाठीत एक चापटपण मारून झाली. दुसऱ्या दिवशी ओळखीतून एक मेकॅनिक आला, मागचं झाकणसुद्धा न उघडता म्हणाला, "काका, पॅनल गेलंय, यात पैसे घालू नका, हजार रुपये देतो, मी घेऊन जातो." आप्पा द्यायला तयारच होते, मी म्हटलं एक दिवस थांबा.

त्या एका दिवसात जे कळलं आणि नंतरच्या दोन रविवारी जे करून बघितलं ते लिहितोय. मी काही टीव्ही मेकॅनिक नाही, नाशिकला अंबडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, मल्टीमीटर रोज हातात असतो एवढंच. आणि आधीच सांगून ठेवतो, या कामात इलेक्ट्रॉनिक्स फार थोडं आहे, खरं काम आहे ती पातळ काच न मोडता उचलायचं आणि परत जागेवर ठेवायचं. ते जमणार असेल तर स्वतः करा, नसेल जमणार तरी वाचा, मेकॅनिक काय बोलतोय ते तरी कळेल.

सगळ्यात आधी टॉर्च. रात्री हॉलमधले लाइट बंद करा, पडदे ओढा, टीव्ही चालू करून एखादं चॅनल लावा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ नेऊन तिरपा मारा. सरळ मारला तर नुसती चमक परत डोळ्यात येते, तिरपाच पाहिजे. आता हळूहळू टॉर्च फिरवत नीट बघा. आम्हाला आधी काहीच दिसलं नाही, मग रिमोटने मेनू उघडला तर त्या उजेडाच्या गोलात मेनूची अक्षरं अंधुक दिसायला लागली, मेनू बंद केल्यावर सासूबाईंचं अर्धं कपाळ आणि टिकली. आई म्हणाली अगं बाई भुतासारखी दिसतेय. दिसतेय ना, बस. म्हणजे चित्र तयार होतंय, पॅनल म्हणजे चित्र दाखवणारी पुढची काच जिवंत आहे, मेन बोर्ड ठीक आहे, फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट गेलाय.

कारण आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो खरं तर एलसीडीच असतो. पुढची काच स्वतः उजेड देत नाही, ती नुसती रंगीत पडद्यासारखी, उजेड मागून लागतो आणि तो देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या त्या काचेमागे बसवलेल्या असतात. ओएलईडी टीव्हीत हा प्रकारच नसतो, तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो, त्यामुळे तुमचा ओएलईडी असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही. आणि २०१० च्या आसपासचा किंवा त्याआधीचा जाडजूड एलसीडी असेल तर त्यात एलईडीऐवजी बारीक ट्यूब असतात, त्यांना शेकडो व्होल्ट लागतात आणि आत पारा असतो, त्याच्या नादी लागू नका.

टॉर्च मारूनही काहीच दिसलं नाही तर रोग वेगळा आहे. उभ्या-आडव्या रंगीत रेघा, कोपऱ्यातून शाई सांडल्यासारखा डाग, काचेला तडा, हे असेल तर मात्र मेकॅनिक खरं बोलतोय, पॅनलच गेलंय, आणि नवीन पॅनलची किंमत जवळपास नवीन टीव्हीएवढी होते.

बॅकलाइटचा बिघाड पण सगळ्यांच्या घरी सारखा दिसत नाही. काहींचा टीव्ही चालू केल्यावर सेकंद-दोन सेकंद झकास चित्र येतं आणि मग काळं, बंद करून परत चालू केलं की परत तेच. हे बॅकलाइटच्या ड्रायव्हरचं, म्हणजे पट्ट्यांना करंट देणाऱ्या सर्किटचं प्रोटेक्शन आहे, त्याला कळतं की पुढे सर्किट तुटलंय किंवा कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो हात वर करतो. काहींची अर्धीच स्क्रीन अंधारी होते किंवा मधेच एक काळपट ढग दिसतो. काहींना पांढऱ्या सीनमध्ये नाण्याएवढे झगझगीत गोल ठिपके दिसतात, त्यात एलईडी गेलेला नसतो, त्याच्या डोक्यावरची प्लॅस्टिकची भिंग निघून पडलेली असते आणि उजेड पसरायचा तो एका जागी बसतो. आणि काहींचा टीव्ही निळाजांभळा होतो, क्रिकेटच्या मैदानावर गवत निळसर दिसायला लागतं. हे जरा मजेशीर आहे, पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच, आत निळा दिवा असतो आणि वर पिवळ्या पावडरीचा लेप, दोन्ही मिळून पांढरं दिसतं. उष्णतेने तो लेप खराब झाला की खालचा निळा उघडा पडतो. त्या निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं होतं, आणि आपण सेटिंगमध्ये कलर टोन खालीवर करत बसतो. निळेपणा सेटिंगने जात नाही, पट्ट्याच बदलाव्या लागतात.

आता एक एलईडी गेला तर सगळी स्क्रीन का जाते, तर दिवाळीच्या जुन्या माळा आठवा, एक बल्ब उडाला की अख्खी माळ बंद. तसंच, पट्ट्यांमधले एलईडी एकामागोमाग एक जोडलेले असतात. आमच्यात ८ एलईडीच्या ३ पट्ट्या होत्या, म्हणजे २४ ची एकच माळ, आणि गेला होता त्यातला फक्त एक.

उघडायचं की दुकानात द्यायचं हे माझ्या मते स्क्रीनच्या साइझवर ठरवा, तुमच्या हुशारीवर नाही. ३२ इंची असेल, हात स्थिर असेल तर घरी करण्यासारखं आहे. ४०-४३ ला दोन माणसं पाहिजेतच, दुसरा माणूस "पकड पकड" म्हणून ओरडणारा नको, गप्प ऐकणारा पाहिजे. ५० च्या पुढे मी स्वतः हात लावणार नाही. ज्या पातळ टीव्हीला पुढे फ्रेमच नाही, काच डबल टेपने चिकटवलेली आहे, तो कितीही इंची असो, घरी नाही. माझ्या एका मित्राने नाशिकरोडला ५५ इंची उघडला, पट्ट्या व्यवस्थित बदलल्या, सगळं झालं आणि शेवटी काच परत ठेवताना एका कोपऱ्यावर जोर आला, कट्ट असा छोटासा आवाज. तेवढाच. तो टीव्ही आता भिंतीवर नाही.

दुकानात देणार असाल तर नुसतं "ठीक करा" म्हणू नका. टॉर्च मारून चित्र दिसतं हे त्याला करून दाखवा आणि विचारा की सगळ्या पट्ट्या नवीन टाकणार की फक्त गेलेला एलईडी. एक एलईडी बदलून किंवा त्याला वायरने बायपास करून पण टीव्ही चालू होतो, पण उरलेले सगळे तेवढेच म्हातारे असतात, आज हा गेला, दोन-तीन महिन्यांत शेजारचा. पूर्ण सेटच टाकून घ्या. जुन्या पट्ट्या परत मागा म्हणजे बदलल्या का नाही ते कळतं. काच उघडताना फुटली तर जबाबदारी कोणाची हे आधी बोला आणि पावतीवर लिहून घ्या, नंतर सगळेच "आधीपासून क्रॅक होता" म्हणतात. मी दोन ठिकाणी विचारलं, एकाने साडेतीन हजार सांगितले, एकाने अडीच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पण एकदा फोन करा, आणि वॉरंटीचं कार्ड, बिल काढून नीट वाचा, घेताना दुकानदाराने एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारलेली असते आणि आपण विसरून गेलेलो असतो. काही भांडण झालंच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मराठीत बोलता येतं.

नवीन घ्यायचा का, तर मी साधा हिशोब धरतो, दुरुस्तीचा खर्च नवीन टीव्हीच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे गेला तर सोडून द्यायचं. ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, तेही हिशोबात धरा.

घरी करणार असाल तर आता पुढचं नीट वाचा.

टीव्हीचा प्लग काढा, नुसतं बटण बंद नाही, प्लग भिंतीतून बाहेर. आणि पंधरा मिनिटं चहा प्या. पॉवर सप्लायच्या बोर्डावर एक मोठा डबीसारखा कपॅसिटर असतो, त्यात प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट बसून राहू शकतात. झाकण उघडल्यावर त्याच्या दोन टोकांवर मीटर डीसी व्होल्टला लावून बघा आणि आकडा अगदी खाली आल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका. मीटर नाही किंवा वापरता येत नाही तर इथेच थांबा, खरंच.

जागा म्हणजे डबल बेडची गादी, त्यावर धुतलेली, केस-धागे नसलेली चादर. पंखा बंद. मे महिन्यात दुपारी पंखा बंद करून काम करायचं म्हणजे घाम पुसायला एक माणूस वेगळा लागतो, पण पंख्याने धूळ बसते आणि पातळ शीट्स उडतात. घड्याळ, अंगठी, ब्रेसलेट काढून ठेवा. टीव्ही पालथा घालून स्टँड आणि मागचे स्क्रू काढा, स्क्रू तीन-चार प्रकारचे निघतात, आम्ही इडलीपात्राच्या खळग्यांत वेगवेगळे ठेवले आणि प्रत्येक खळग्यात कुठला ते कागदावर लिहिलं. झाकण निघालं की कशालाही हात लावायच्या आधी दहा-बारा फोटो काढा, कुठली वायर कुठे, कुठली टेप कुठे.

इथे एकदा बॅकलाइटचा कनेक्टर बघून घ्या, पॉवर बोर्डातून आत जाणाऱ्या दोन-चार जाड वायरी. कधी कधी तो नुसता ढिला झालेला असतो आणि पुढचं सगळं वाचतं. माहितगार माणूस याच कनेक्टरवर टीव्ही चालू करून व्होल्टेज बघतो, चालू केल्याबरोबर आकडा वर उडी मारून परत खाली पडला तर ड्रायव्हर चांगला आहे, माळ तुटलीय. काहीच येत नसेल तर दोष बोर्डात. पण तिथे शंभर-दीडशे किंवा जास्त व्होल्ट डीसी असतं, सवय नसेल तर चालू टीव्हीत प्रोब घालू नका.

मग काच. पॅनलच्या एका लांब कडेला रिबनसारख्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्यांना एक अरुंद लांब बोर्ड लटकलेला असतो. त्या रिबन म्हणजे टीव्हीचा जीव. त्या फाटल्या किंवा काचेपासून सुटल्या तर घरी काय, दुकानातही शक्यतो जुळत नाहीत. त्यामुळे टी-कॉनकडे (पॅनलला चित्राचे सिग्नल देणारा बोर्ड) जाणाऱ्या चपट्या केबल आधी लॉक उघडून काढा, तो लांब बोर्ड मोकळा करा, मग टीव्ही हळूच उताणा करा, पुढची फ्रेम क्लिपांतून सोडवा आणि काच उचला. उचलताना दोघांनी छोट्या बाजूंनी धरायचं, रिबनच्या कडेला बोट नाही, आणि तो बोर्ड काचेबरोबरच सपाट वर आला पाहिजे, लोंबायला नको. माझ्याबरोबर शेजारचे काका होते, निवृत्त एसटी ड्रायव्हर, त्यांनी सांगितलं "मी तीन म्हटल्यावर उचलायचं आणि कोणी बोलायचं नाही." काच आम्ही दिवाणावरच्या दुसऱ्या गादीवर आडवी ठेवली, वरून चादर, आणि आईला पहारा. भिंतीला टेकवून उभी ठेवू नका, लहान मूल, मांजर, दार, काहीही पुरतं.

काचेखाली दोन-तीन पातळ पांढऱ्या शीट आणि एक जाड प्लॅस्टिकचा दुधी पत्रा निघतो. यांचा क्रम आणि बाजू बदलली तर चित्र डागाळ दिसतं, म्हणून एका कोपऱ्याला पेन्सिलने खूण करा आणि सगळा गठ्ठा एकत्रच उचला, सुटा करू नका. ओल्या फडक्याने पुसू नका, बोटांचे ठसे नकोत, धूळ दिसली तर फोटोच्या कॅमेऱ्याला मारतो तो रबरी ब्लोअर. त्या शीटला स्टॅटिक असतं, डोक्यावरचा एक केस पडला की चिकटून बसतो आणि मग तो पुढची पाच वर्षं मॅचमध्ये दिसतो.

आता पट्ट्या दिसतील. त्या दोन प्रकारच्या, एक तर अशा पूर्ण मागे पसरलेल्या, नाहीतर पातळ टीव्हीत फक्त एका कडेला, तिथे उजेड जाड ॲक्रिलिकच्या पाटीतून पसरतो. आमच्या होत्या पसरलेल्या. गेलेला एलईडी बऱ्याचदा डोळ्यांनीच सापडतो, मधोमध काळा ठिपका पडलेला असतो. मल्टीमीटरच्या डायोड मोडवर यातले बरेच एलईडी पेटतच नाहीत कारण मीटर तेवढं व्होल्टेज देत नाही, म्हणून मीटरवर पेटला नाही म्हणजे गेला असं समजू नका. बॅकलाइट टेस्टर नावाचं छोटं यंत्र मिळतं, त्याच्या टोकांना तीनशे व्होल्टपर्यंत असतं म्हणून प्रोबच्या धातूला हात नको. नाहीतर माझा जुगाड, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिच्या एका वायरीत १ किलो-ओहमचा रेझिस्टर, एकेका एलईडीच्या दोन टोकांना टेकवा, चांगला असेल तर मंद पेटतो. प्लस-मायनस उलटं करून पण बघा. २४ तला सतरावा पेटला नाही, काका एकदम म्हणाले "सापडला चोर".

पट्ट्या मागवताना टीव्हीचा मॉडेल नंबर पुरत नाही. एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळी पॅनल टाकते, त्यामुळे पट्टीवर छापलेला नंबर, पट्टीची लांबी, एलईडी किती, कनेक्टर कुठल्या टोकाला, आणि एलईडी ३ व्होल्टचा की ६ चा, हे सगळं जुळलं पाहिजे. २४ एलईडी ३ चे असतील तर माळ ७२ व्होल्टची होते आणि ६ चे असतील तर १४४ ची, चुकीचा सेट लावला तर ड्रायव्हर परत हात वर करणार. मी एमजी रोडला दोन-तीन ठिकाणी जुनी पट्टी हातात घेऊन फिरलो, एकाकडे डावी होती उजवी नव्हती, शेवटी ऑनलाइन मागवला, नऊशे रुपयांत पूर्ण सेट आला. कोणी मुंबईला जाणारं असेल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात बघायला सांगा. पट्टी सोबत न्याच, फोटोवर गडबड होते.

जुनी पट्टी डबल टेपने चिकटलेली असते, जुन्या एटीएम कार्डाने हळूहळू सोडवा, उरलेला गोंद स्पिरिटने पुसा आणि नवीन पट्टी मागच्या पत्र्याला पूर्ण टेकेल अशी बसवा, मधे पोकळी राहिली तर उष्णता पत्र्यात जात नाही आणि तोच एलईडी पुन्हा जातो. जुन्या पट्टीची नुसती भिंग पडलीय आणि तीच परत लावायचीय तर फेविक्विक वापरू नका, त्याची वाफ भिंगावर पांढुरका थर धरते. दोन ट्यूब मिसळून होतो तो इपॉक्सी, टाचणीच्या टोकाएवढा, भिंगाच्या तीनही पायांना, जुन्या खुणांवर बरोबर बसवून, एलईडीवर थेंब न सांडता. आणि पडलेल्या भिंगा मोजा. आमची एक साबुदाण्यासारखी टुणटुण उड्या मारत कपाटाखाली गेली होती, ती नवीन सेटमुळे लागली नाही पण आत कुठे अडकून राहिली असती तर काच तिच्यावर टेकली असती.

काच ठेवायच्या आधी सगळ्या पट्ट्या जोडून टेस्टरवर एकदम पेटवा आणि अर्धा तास तशाच राहू द्या. नवीन सेटमध्येही एखादा खराब निघतो, आणि काच लावल्यावर कळलं तर परत ती काच उचलायची. माझा पहिला रविवार असाच गेला, एक कनेक्टर नीट बसला नव्हता आणि मी घाईत सगळं बंद करून टाकलं होतं. मग जसं काढलं त्याच्या उलट, फोटो बघत. फ्रेमची क्लिप बसत नसेल तर दाबू नका, आत कुठली तरी शीट सरकलीय.

आता हे परत होऊ नये म्हणून. एलईडीला मारते ती उष्णता, आणि दुकानात टीव्ही चमकावा म्हणून जो व्हिविड मोड आणि १०० चा बॅकलाइट लावलेला असतो तो आपण घरी तसाच ठेवतो. सेटिंगमध्ये बॅकलाइट ५०-६० वर आणा. काही टीव्हीत बॅकलाइट आणि ब्राइटनेस वेगळे असतात, तिथे ब्राइटनेस फक्त काळ्या रंगाची पातळी बदलतो, कमी करायचा तो बॅकलाइट. टीव्हीमागे हवा जायला जागा ठेवा, कोनाड्यात कोंबलेला टीव्ही एप्रिल-मेच्या चाळीस डिग्रीत शिजतो. मेकॅनिककडे करून घेत असाल तर त्याला "ड्रायव्हरचा करंट थोडा कमी करून द्या" म्हणा, बोर्डावरचा एखादा रेझिस्टर काढून होतं ते, चित्र किंचित मंद होतं पण पट्ट्या टिकतात. हे मात्र घरी करू नका.

आणि शेवटी टीव्ही नाहीच जमला तर घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा वेगळा द्यायचा असतो. त्याआधी मेन बोर्ड आणि पॉवर बोर्ड चांगले आहेत असं सांगून दोन मेकॅनिकना विचारा, तेवढ्यासाठीही ते पैसे देतात. आमच्याकडे हजार रुपये घेऊन आलेला पण बहुतेक त्यासाठीच आला होता.

आमचा टीव्ही तेव्हापासून चालू आहे. मी ५५ वर ठेवला, तर आईचं रोज सुरू, चित्र अंधारं वाटतं, हिरोईनच्या साडीचा रंग कळत नाही. परवा सहज मेनू उघडून बघितला तर बॅकलाइट १००. विचारलं तर दोघंही म्हणाले आम्ही रिमोटला हातसुद्धा लावला नाही.